ताटावरून उठलेला माणूस आणि एक ग्रीक क्रियापद

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आमचा ग्रीकचा वर्ग भरतो. चर्चमागची खोली, एक लांबट टेबल, भोवती आम्ही सातजण आणि मधोमध चहाचा थर्मास. बायबलच्या नव्या करारातली ग्रीक शिकायला आम्ही जमतो. त्यात मी सगळ्यांत उशिरा, पन्नाशी ओलांडल्यावर आलेली. सरांची शिकवण्याची रीत एकच आहे. वाक्य कितीही लांबलचक असो, आधी क्रियापदावर बोट ठेवायचं. कोण करतंय, कधी करतंय, एकटा की अनेक, ते सांगायचं. मगच बाकीच्या शब्दांकडे वळायचं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गलतीकरांस पत्राच्या, म्हणजे प्रेषित पौलाच्या एका पत्राच्या, दुसऱ्या अध्यायापर्यंत पोचलो. अकरावं वचन माझ्या वाट्याला आलं. मी बोट ठेवलं ते 'आन्तेस्तेन' या शब्दावर. प्रथम पुरुष, एकवचन, होऊन गेलेली क्रिया. कोशातलं रूप 'आन्थिस्तेमी', अर्थ दिला होता विरोध करणे, प्रतिकार करणे. मी तसं सांगितलं. सर म्हणाले, "तो कोशातला अर्थ झाला. आता शब्द फोडा."

मी फोडला. आन्ती आणि हिस्तेमी. समोर, आणि उभं राहणं.

घरी आले, जेवले, अंथरुणावर पडले, तरी तो शब्द डोक्यातून जाईना. डोळ्यांपुढे एकसारखी माझी आजी येत होती, हातात वगराळं घेऊन पंगतीत उभी राहिलेली. तिच्याकडे मी येणारच आहे. आधी हा शब्द मला जसा उलगडत गेला तसा सांगते.

हिस्तेमी हा आपल्या 'स्था' धातूचा सख्खा भाऊ. 'तिष्ठति' आणि 'हिस्तेमी' शेजारी ठेवले की एका घराण्याचं नाक ओळखू येतं. दोघांतही धातूचंच एक अक्षर दुमडून पुढे आणलेलं आहे, फक्त ग्रीकमध्ये आरंभीच्या 'स'चा 'ह' होतो, आपल्या 'सप्त'चं तिकडे 'हेप्ता' होतं तसा. त्याच 'स्था'पासून आपलं स्थान, स्थिर, ठाणं आणि ठाण मांडून बसणं. 'आन्ती'चं नातं जरा लांबचं वाटतं, पण तेही घरचंच आहे. वेदांतल्या संस्कृतात 'अन्ति' म्हणजे जवळ, समोर. त्यावरूनच 'अन्तिक', म्हणजे सान्निध्य. आज औषधाच्या बाटलीवर आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर जो 'अँटि' वैऱ्यासारखा गुरगुरतो, त्याच्या मुळाशी जवळ असणं आहे, हे कळलं तेव्हा मी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

मराठीला खरं तर हे नवं नाही. भांडणाची हकिकत सांगताना आपण म्हणतो, "मग समोरचा काय म्हणाला?" कोर्टात समोरची पार्टी असते, मैदानात समोरचा संघ. तो वाईट आहे की चांगला, हे त्या शब्दात कुठेच नाही. तो कुठे आहे एवढंच आहे. 'विरोध' हा शब्द निराळ्या मुशीतला आहे. तो 'रुध्'पासून आलेला, रोध-अवरोधाच्या कुळातला. तो ऐकला की मला ओढ्याला घातलेला बांध दिसतो. 'प्रतिकार' म्हणजे उलट करणं, तिथे हात दिसतात. आन्थिस्तेमीमध्ये दिसतात ते पाय. जमिनीवर रोवलेले, कुणाच्या तरी पुढ्यात. मराठीत त्याला 'समोर उभं ठाकणं' हाच शब्द मला नेमका वाटतो.

नव्या करारात हे क्रियापद चौदा वेळा येतं. पण त्याचं सगळ्यांत स्पष्ट चित्र जुन्या करारात आहे, ज्यू विद्वानांनी ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात ग्रीकमध्ये आणलेल्या पाठात. ती बलामाची गोष्ट, आमच्या आजीची सर्वांत आवडती. मवाबाचा राजा बलामाला बोलावतो, इस्राएलाला शाप दे म्हणून. बलाम गाढवीवर खोगीर घालून निघतो. वाटेत देवदूत उभा आहे, हातात उपसलेली तलवार. तो बलामाला दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती रस्ता सोडून शेतात शिरते. बलाम तिला मारतो. पुढे द्राक्षमळ्यांच्या दोन भिंतींमधली अरुंद वाट. गाढवी अंग चोरते, बलामाचा पाय भिंतीला घासून चेपतो. पुन्हा मार. त्यापुढे वाट इतकी चिंचोळी की डावी-उजवीकडे वळायलाही जागा नाही. गाढवी खाली बसते. तिसऱ्यांदा काठी पडते तेव्हा ती बोलते, मी तुझं काय केलं म्हणून मला तीनदा मारलंस?

त्या वाटेतल्या देवदूतासाठी ग्रीक पाठात आपलंच क्रियापद आहे: तो वाटेत समोर उभा ठाकलेला होता. आणि मूळ हिब्रूत त्याच प्रसंगी शब्द आहे 'सातान'. म्हणजे अडवणारा. हा शब्द हिब्रू बायबलात क्रमानं पहिल्यांदा येतो तो इथे, आणि देवानं पाठवलेल्या दूतासाठी येतो. पुढे त्या शब्दाचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. पण इथे अडवणारा आला नसता तर बलाम आपल्या वाटेनं बिनधास्त चुकीकडे गेला असता. आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी त्याच जागी थांबायची आणि म्हणायची, "गाढवीला दिसलं गं. शहाण्याला नाय दिसलं."

याकोबाच्या पत्रात "सैतानाला अडवा" म्हणून जे सांगितलंय, तिथेही हेच क्रियापद. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात शस्त्रसामग्रीचं मोठं वर्णन आहे, शिरस्त्राण, ढाल, कंबरपट्टा. त्यात अकरा ते चौदा या चार वचनांत 'उभं राहणं' चार वेळा येतं, एकदा 'आन्ती'सकट आणि तीनदा नुसतं. इतकी शस्त्रं अंगावर चढवून माणसाला सांगितलंय काय, तर पाय सोडू नका.

मग येतं ते अवघड वचन. मत्तय, अध्याय पाच. डोंगरावरचं प्रवचन. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ते असं वाचत आपण मोठे झालो: "दुष्टाला अडवू नका." मूळ ग्रीकमध्ये आन्थिस्तेमी, आणि त्याच्याआधी 'नको'. उभा ठाकू नको.

हे वचन मी आयुष्यभर चुकीच्या ठिकाणी वापरलं. माझ्या धाकट्या भावाशी मी सहा वर्षं बोलले नव्हते. वडिलांच्या मागे शेताची वाटणी झाली, मला ती अन्यायाची वाटली, पण मी एक शब्द काढला नाही. बहिणीनं गप्प बसावं, अडवू नये, हे मला वचनात सापडल्यासारखं वाटलं. मी त्याच्याकडे जाणं बंद केलं, सणाला फोन बंद केला, आणि मनात स्वतःला सांगत राहिले की मी दुसरा गाल पुढे केलाय. खरं म्हणजे मी गाल घेऊन निघून आले होते.

त्या वचनाआधीचं वचन ग्रीकमध्ये वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. येशू आधी जुना नियम सांगतो, 'डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात'. ग्रीकमध्ये आहे: डोळा 'आन्ती' डोळा, दात 'आन्ती' दात. तोच 'आन्ती' लागोपाठ दोनदा येतो, आणि पुढच्याच वचनात तिसऱ्यांदा, क्रियापदाला चिकटून. ऐकणाऱ्याच्या कानात तो तीनदा वाजतो. मराठीत ती ओळ अशी तुटून जाते की इकडे 'बद्दल' आणि तिकडे 'अडवू', दोघांचं काही नातं आहे असं वाटतच नाही.

आन्तीला समोर हा एक अर्थ आहे, तसा 'च्या जागी, च्या बदल्यात' हाही आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन वस्तू एकमेकींच्या जागी येऊ शकतात, तराजूच्या दोन पारड्यांसारख्या. आपल्याकडे अरबीतून आलेल्या 'बदल'नं नेमकं हेच काम केलंय. बदला म्हणजे सूड, बदली म्हणजे एकाच्या जागी दुसरा, मोबदला म्हणजे दिल्याचं परत मिळणारं, आणि 'बद्दल' तर आपण दिवसातून शंभरदा बोलतो. सूड, पगार आणि बदलीवरचा शिपाई हे सगळे एका घरात नांदतात. ग्रीकमध्येही तसंच. मार्काच्या शुभवर्तमानात मनुष्याचा पुत्र आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देतो, तिथे 'पुष्कळांसाठी'ला शब्द आहे आन्ती, पुष्कळांच्या बदली. आणि योहानाच्या पत्रांत जो ख्रिस्तविरोधक येतो, आन्तिख्रिस्तोस, त्याच्या नावातही आन्ती. तारणाऱ्याच्या आणि वैऱ्याच्या तोंडी एकच शब्दयोगी अव्यय! एक आपल्या जागी उभा राहतो, दुसरा आपल्यापुढे.

मग मला ते अवघड वचन असं ऐकू येऊ लागलं: डोळ्याच्या बदल्यात डोळा घेणारं जे उभं राहणं आहे, ते नको. दुष्टाचं माप घेऊन त्याच मापाचा होऊन त्याच्यापुढे उभा राहू नको. हे माझं वाचन आहे. वर्गात त्यावर दोन मंगळवार वाद झाला आणि सरांनी डोकं हलवलं तेही पूर्ण होकाराचं नव्हतं. पण मला धीर दिला तो पुढच्या तीन उदाहरणांनी. त्या तिन्हींत मार खाणारा माणूस जागा सोडून जात नाही. लूकच्या शुभवर्तमानात गालाची आणि अंगरख्याची शिकवण आहे, पण 'अडवू नका' हे वाक्यच नाही. म्हणजे ती उदाहरणं त्या वाक्याशिवायही आपल्या पायांवर उभी राहू शकतात.

पहिलं उदाहरण गालाचं. मत्तय नीट लिहितो: उजव्या गालावर. समोरासमोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर आपल्या उजव्या हातानं मारून बघा. (मारू नका, नुसता हात फिरवून बघा.) तळहात लागत नाही, हाताची मागची बाजू लागते. ही मारामारी झाली नाही, हा अपमान झाला. मालक नोकराला मारतो तो. ज्यू धर्मशास्त्राच्या मिश्नात अशा अपमानांचे दरच दिलेले आहेत: कुणाला चापट मारली तर दोनशे झूझ दंड, आणि तीच हाताच्या पाठीनं मारली तर चारशे. लागतं कमी, दंड दुप्पट. अशी मार खाल्लेला माणूस हात उचलत नाही, पळतही नाही. मान वळवून दुसरा गाल त्याच्याकडे करतो. 'त्याच्याकडे' हा शब्द ग्रीकमध्येही आहे. आता मारायचं तर तळहातानं मार, बरोबरीच्या माणसासारखं. बोलणं संपलं, उभं राहणं सुरूच आहे.

दुसरं अंगरख्याचं, ते इथे सोडते. तिसरं उदाहरण वेठीचं. इथे आपल्या मराठी भाषांतरकारांना मी मनापासून दंडवत घालते. "जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा." ग्रीकमधलं क्रियापद मुळात इराणी टपालव्यवस्थेतून आलेलं, सरकारी माणसानं वाटेतल्या कुणालाही किंवा त्याच्या जनावराला कामाला जुंपायचा हक्क सांगणारं. त्याला 'वेठीस धरणे' यापेक्षा नेमका शब्द जगात नसेल. आमच्या पणजोबांच्या पिढीनं गावात वेठ वाहिली होती. तो शब्द वाचताना त्यांना अर्थ विचारावा लागला नसेल. मत्तयात हेच क्रियापद पुढे एकदा येतं, कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहायला वेठीस धरलं तेव्हा. दुसऱ्या कोसाला मात्र शिपायाचा अधिकार नाही. तो कोस चालणाऱ्याचा. शिपाई बरोबर चालतोय, आणि त्याला कळत नाहीये की आता कोण कुणाला नेतंय.

टॉलस्टॉय म्हातारपणी या एका वचनावर आपलं सगळं आयुष्य ठेवून बसला. त्याचं ते लिखाण १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडलं. पुढे तिथल्या चळवळीला लोक इंग्रजीत जे नाव देत त्याचा अर्थ निष्क्रिय प्रतिकार असा होता, आणि गांधीजींना ते खुपायचं. दुबळ्याचं हत्यार वाटायचं ते. त्यांनी आपल्या वर्तमानपत्रातून नवं नाव मागवलं, मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवलं, त्याचं 'सत्याग्रह' झालं. आग्रह म्हणजे घट्ट धरून राहणं. ग्रीकमधले पाय, इथे मूठ झाले.

एक गोष्ट लपवायची नाही. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की जो अधिकाराच्या आड येतो तो देवाच्या व्यवस्थेसमोर उभा ठाकतो. तिथेही हेच क्रियापद, एका वचनात दोनदा. राज्यकर्त्यांनी हे वचन किती प्रेमानं पाठ केलं ते विचारू नका. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकार त्याच्या आडोशाला बसलं, आणि १९८५ साली तिथल्या पाळकांनी आणि धर्मशास्त्र्यांनी कैरोस दस्तऐवज लिहून त्या वापराला तोंडावर उत्तर दिलं. मला एवढंच म्हणायचंय की रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या माणसाला गलतीकरांस पत्रही आपणच लिहिलंय हे माहीत होतं. आणि तिथे तो स्वतः उभा ठाकला होता, मंडळीतल्या सर्वांत मोठ्या माणसापुढे.

तर अंत्युखिया. आज तुर्कस्तानात अंताक्या म्हणतात, २०२३च्या ६ फेब्रुवारीच्या भूकंपानं ज्याची माती झाली ते शहर. पहिल्या शतकात तिथे ज्यू आणि परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेले, विश्वासणारे एकत्र जेवत. केफा, म्हणजे येशूचा पट्टशिष्य पेत्र, तिथे आला आणि त्यांच्यात बसून जेवू लागला. क्रियापद असं आहे की एकदा जेवला असा अर्थ होत नाही, 'जेवत असे' असा होतो. रोज. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली. पेत्र हळूहळू मागे सरू लागला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे ज्यू उठले. बर्णबासुद्धा, पौलाचा जिवाभावाचा सोबती, त्यांच्यामागे वाहत गेला.

हा पंक्तिभेद आहे. धर्मशास्त्राच्या जाड पुस्तकांतून या प्रसंगावर नियमशास्त्र, सुंता, कृपा असं कितीतरी लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पण मराठी माणसाला हे समजायला त्यातलं काही लागत नाही. कोण कुणाच्या शेजारी बसून जेवेल, आणि पाहुणे बघतायत म्हणून कोण ताटावरून उठेल, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं.

पौल लिहितो, मी त्याच्या तोंडावर त्याच्या समोर उभा राहिलो. 'काता प्रोसोपोन', तोंडावर; मराठीत आणि ग्रीकमध्ये वाक्प्रचार एकच. 'आन्तेस्तेन', उभा राहिलो. आणि सर्वांसमक्ष बोललो. पेत्र काय म्हणाला, तो परत पंगतीत बसला का, हे पौलानं लिहिलेलं नाही.

या भांडणाची पुढच्या लोकांना फार लाज वाटली. दोन थोर प्रेषित असे भांडतील कसे? चौथ्या शतकाच्या शेवटी बेथलेहेमला राहणाऱ्या जेरोमनं जुन्या टीकाकारांच्या आधारानं सांगितलं की ते ठरवून केलेलं नाटक होतं, लोकांना धडा मिळावा म्हणून. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ऑगस्टीनला हे पटेना. शास्त्रात प्रेषितानं खोटं लिहिलं असं एकदा मानलं की मग उरलं काय? त्यानं जेरोमला पत्र लिहिलं. ज्याच्या हाती द्यायचं ठरलं तो गेलाच नाही. दुसरं पत्र लिहिलं, तेही नेणारा जेरोमपर्यंत पोचला नाही. उलट त्याच्या प्रती इटलीत लोकांच्या हातोहात फिरल्या. जेरोमला कळलं ते असं, की एक तरुण बिशप आपल्याविरुद्ध काहीतरी लिहून जगभर वाचायला देतोय. तो दुखावला, आणि पुढची काही वर्षं दोघं एकमेकांची समजूत काढत, टोचत, पुन्हा समजूत काढत पत्रं लिहीत राहिले. 'तोंडावर' या शब्दाबद्दलचं पत्र पाठीमागे वाचलं गेलं! हे वाचताना मला दोघांचीही फार कणव आली. ऑगस्टीनचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं. पण बरोबर असलेला विरोधसुद्धा समोर पोचला नाही तर तो चुगलीसारखा लागतो.

पेत्राच्या नावावर असलेल्या दुसऱ्या पत्रात शेवटी शेवटी एक वाक्य येतं: "आपला प्रिय बंधू पौल". आणि लगेच पुढे, त्याच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत. ते पत्र कुणी लिहिलं यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. ज्यानं कुणी लिहिलं, त्याला अंत्युखिया ठाऊक असणार.

आपल्याकडे या क्रियापदाला साजेशी एक बाई होऊन गेली, आणि ती ग्रीक शिकली होती हा योग मला मोठा वाटतो. पंडिता रमाबाई. १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई तिला पत्रात आजीबाई म्हणत. आणि याच आजीबाईंना रमाबाईंनी पत्रामागून पत्र लिहून विरोध केला. धर्ममंडळींचा शब्द म्हणून एखादं तत्त्व मी गिळणार नाही, मला पटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. १८८५च्या एका पत्रात त्या अशा अर्थाचं लिहितात, की भारतातल्या पुरोहितांचं जू आत्ता कुठे मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय. तसलंच दुसरं जू घ्यायची माझी तयारी नाही. हे परदेशात, त्या लोकांच्याच आधारानं राहत असताना, पदरी लहान मुलगी असताना. आजीबाईंनी ती पत्रं फाडली नाहीत. जपली, नीट लावून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली, म्हणून आपल्याला वाचायला मिळतात. मला त्या सगळ्या वादातला सर्वांत भारी शब्द 'आजीबाई' हाच वाटतो.

पुढे केडगावला रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. ते त्यांच्या मुक्ती या संस्थेच्या छापखान्यात बायकांनीच छापलं. १९२२च्या ५ एप्रिलला त्या वारल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

त्या वर्गानंतर दोन आठवड्यांनी मी भावाकडे गेले. फोन न करता. त्यानं दार उघडलं. मी म्हटलं, "वाटणी चुकीची झालीय, मला मान्य नाही. हे मी तुला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आता चहा ठेव." वहिनीनं चहा ठेवला. आम्ही भांडलो, चांगले तासभर. कागदांवर सह्या अजून झालेल्या नाहीत. पण गेल्या महिन्यात तो माझ्याकडे राहायला येऊन गेला, आणि पुन्हा भांडून गेला.

आता आजी. मी नऊ वर्षांची असेन. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, मोठ्या आत्याचं लग्न. उपासना झाली, लग्न लागलं, मांडवात पहिली पंगत बसली. भात, आमटी, शाकभाजी, बुंदी. आजी वाढपी बायकांच्या पुढे होती, एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात वगराळं. मुंबईहून तिचा थोरला भाऊ आला होता, रेल्वेत नोकरीला, पांढराशुभ्र सदरा. आम्ही त्याला आप्पाआजोबा म्हणायचो. त्याच्या शेजारच्या पत्रावळीवर पलीकडच्या आळीतलं एक कुटुंब येऊन बसलं. आमच्याच मंडळीतलं, आमच्या नंतर बाप्तिस्मा घेतलेलं. त्यांचा जुना धंदा सगळ्या गावाला ठाऊक होता. आप्पाआजोबांनी एकदा तिकडे बघितलं आणि ताटावरून उठले. त्यांच्याबरोबर आणखी दोन पाहुणे उठले.

आजी त्यांच्या वाटेत येऊन उभी राहिली. मांडवात एवढीशी गल्ली, दोन्ही बाजूंना बसलेली माणसं, आप्पाआजोबांना बाजूनं जायला जागा नव्हती. तिनं बादली खाली ठेवली नाही. वगराळ्यातून आमटीचे थेंब तिच्या पायावर पडत होते आणि ती पाय हलवत नव्हती, हे मला अजून दिसतं. ती म्हणाली, "दादा, बस खाली. हितं येशूचं नाव घेऊन ताट वाढलंय. माणूस बघून नाय वाढलं." आवाज चढलेला नव्हता. सगळी पंगत ऐकत होती. शेजारचं कुटुंब ताटाकडे बघत बसलं होतं, त्यांच्यातल्या बाईनं उठायला हात टेकला, तर आजी मान न वळवता तिला म्हणाली, "तू जेव गं."

आप्पाआजोबा बसले नाहीत. मांडवाच्या कनातीचा पडदा वर करून मागच्या बाजूनं निघून गेले. आजीनं बादली उचलून धरली आणि पुढच्या ताटात आमटी वाढली.

पंगत उठल्यावर तिनं मला स्वयंपाकाच्या छपरात बोलावलं. पितळी डबा घेतला, त्यात भात, भाजी, वर बुंदी दाबून भरली, फडक्यात गाठ मारली. "फाट्यावर गाडी यायची असंल. पळ. उपाशी जाऊ देऊ नको त्याला." मी पळाले. आप्पाआजोबा एसटीच्या फाट्यावर बाभळीखाली उभे होते. मी डबा पुढे केला. त्यांनी बराच वेळ तो घेतला नाही. गाडी दिसल्यावर घेतला. खिडकीत बसले, डबा मांडीवर ठेवला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तरी त्यांनी तो उघडला नव्हता.

नाताळात त्यांचा मुलगा डबा परत घेऊन आला. रिकामा डबा कुणी परत देत नाही, तसा त्यातही करंज्या होत्या. आजीनं त्या परातीत काढल्या, आम्हा पोरांना एकेक दिली, डबा घासला, पुसला, आणि तिळाच्या वड्यांनी भरला. मुलाच्या हातात देताना म्हणाली, "दादाला म्हणावं, वैशाखात धाकटीचं लगीन हाये. पंगत एकच बसंल. त्यानं यावं."